सुजाताच्या चार प्रती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आणि सुजाताला तर... तिचं नाव घेतानाही जीभ अडखळते.

भिलाईच्या एका कॉलेजात आम्ही दोघी एकाच लॅबमध्ये पीएचडी करत होतो. बाकी सगळे हिंदीत बोलायचे. मराठी फक्त आमच्या दोघींची. आमच्या गाइड सरांना पीएचडीनंतर लॅबमध्ये एकीलाच ठेवता येणार होतं. आणि तिचं काम माझ्यापेक्षा सरस होतं — हे माझ्याइतकं कुणाला कळत होतं?

तिचं काम म्हणजे काय? संदेश घेऊन निघालेला प्रकाश एका खास फायबरमध्ये, म्हणजे काचेच्या बारीक तारेत, सोडायचा, सोबत दुसरा जबर लेझर. मध्ये कुठलंही सर्किट नाही — प्रकाशच त्या संदेशाच्या प्रती काढतो, वेगवेगळ्या रंगांत, एकाच वेळी. स्क्रीनवर आपण सोडलेले दोन उंच सुळके आणि त्यांच्या बाजूला चार नवे, त्याच प्रती. पण दोन्ही प्रकाशांच्या कंपनाची दिशा जुळली तरच. ती जुळवायला फायबर गुंडाळलेली छोटी पॅडल्स असतात. जरा हलली की प्रती गायब. परीक्षक काम बघून एकीला निवडणार, त्या दिवशी सुजातानं सकाळभर बसून ती लावली होती.

ते यायच्या आधी ती बाबांना गेटवरून आणायला गेली. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले तिचे बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून लेकीचं काम बघायला आले होते. लॅबमध्ये मी एकटी. आणि मी — चुकून हात लागला म्हणू? नाही. स्क्रीनकडे बघत बघत, चारही सुळके मावळेपर्यंत मी पॅडल फिरवलं.

सगळ्यांसमोर ती धडपडत राहिली. पॅडल्स पुन्हा पुन्हा फिरवली, काही जुळेना. बाबा हळूच म्हणाले, "दोन त दिसून राहिले ना, पोरी." ते दोन तर सोडलेलेच होते. परीक्षक निघून गेले. तिनं मला कोपऱ्यात विचारलं, "माह्याच ओढणीचा धक्का लागला असन का वं?"

मी म्हटलं, "असन."

जागा मला मिळाली. तेव्हापासून हा हात मला माझा वाटत नाही. किती वेळा तिच्या दारापर्यंत जाऊन परतले! काय सांगणार होते? तिची वर्षं मी कुठून आणणार?

ती आता भिलाईजवळच्या नंदिनी नगरला शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात तिनं मला पाहुणी म्हणून बोलावलं. प्रयोगाआधी तिनं मुलींना ओढण्या कमरेला बांधायला लावल्या. आपल्या एका धक्क्यानं काय गेलं, ते हसत हसत सांगितलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पूछो इनसे, ये वहीं थीं."

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी होकारार्थी मान हलवली.