भिंतीला टेकवून बसवलेला माणूस

कुणी वारलं की मला बोलावतात. फार वर्षांपासूनची रीत आहे. मला रडू येत नाही आणि हात चालतात, म्हणून बोलावतात. बाकी माझ्यात काही विशेष नाही. शाळा चौथीपर्यंत.

ही सवय उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये लागली. लग्न होऊन तिथं आले, तर आमचं घर सोडलं तर सगळा मजला सिंध्यांचा. त्यांच्याकडे कुणी गेलं की शेजारीण सरळ घरात शिरायची, चूल ताब्यात घ्यायची, आलेल्यांना बसवायची. घरच्यांना काही विचारायचं नाही, त्यांना तेवढं दुःख पुरे. मला ते पटलं. पुढे आमच्या मालकांना कारखान्यात जायला सोयीचं म्हणून बदलापुरात चाळीत खोली घेतली, ती सवयही बरोबर आली.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. बदलापुरात बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या आणि बांधणारी माणसं लांबलांबून येत होती. आमच्या चाळीत टोकाच्या खोलीत एक कानडी गवंडी राहायचा, गुलबर्ग्याकडचा. बायको आणि लहान मुलगी. बायकोला मराठी भाजी घेण्यापुरतं यायचं. मला अक्का म्हणायची. त्याला कावीळ झाली, पोटात पाणी झालं आणि चैत्राच्या उन्हात एका सकाळी तो गेला.

मी पोचले तर तिनं त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं. मांडी घातलेली. छातीवरून लुगडं घेऊन खिडकीच्या गजाला बांधलेलं.

दारातली एक म्हणाली, "मावशी, हिचं डोकं फिरलं. मेलेल्याला बसवून ठेवलाय."

"आत्ता गेलाय, तिला समजायला वेळ लागेल," मी म्हटलं आणि लुगडं सोडून त्याला आडवा केला. हातपाय सरळ केले. माणूस आखडायच्या आत हे करावं लागतं.

मी पाणी ठेवायला वळले तेवढ्यात तिनं त्याला पुन्हा बसवला. एकटीनं. काखेत हात घालून, ओढून, कानडीत काहीतरी बडबडत. बाहेर पुरुषांनी बांबू आणून टाकले होते, तिरडी बांधायची म्हणून. लाकडांची हातगाडी स्मशानाकडे निघालीसुद्धा. चाळीतल्या माणसांनी न सांगता सगळं केलं होतं, त्यात कुणाची खोट नव्हती.

मी त्याला दुसऱ्यांदा आडवा केला. दोघींनी तिला धरून ठेवलं. त्याच्या गळ्यात दोऱ्याला एक छोटी चांदीची डबी होती. मयताच्या अंगावर डागडागिना ठेवत नाहीत, म्हणून काढायला गेले. तर ती बाई दोघींच्या हातातून सुटली आणि माझ्या छातीवर असा धक्का दिला की मी मागं हंड्यावर आपटले.

"बघा, मदत करायला आलेल्यांनाच मारतेय!" दारातून आवाज आला.

मला राग आला नाही असं नाही. पण तो धक्का मी आधी पाहिला होता. आम्ही बौद्ध. सासरे वारले तेव्हा गावातली जुनी भावकी तुळशीपत्र आणि गंगेचं पाणी घेऊन आली होती, प्रेमानंच आली होती. सासूनं असाच धक्का दिला होता. "त्यांनी हे सोडलं होतं," एवढंच बोलली होती. तेव्हाही लोक म्हणाले होते, बाईचं डोकं फिरलं.

मी बाकीच्यांना म्हटलं, "थांबा. कुणी हात लावू नका."

मागच्या लाइनीत सोलापूरची एक पापड लाटणारी राहत होती, तिला कानडी यायचं. तिला आणली. ती दारातूनच बघून कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बायांनो, हे लिंगायत आहेत! यांच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. ती डबी काढू नका, त्यात त्याचं पूजेचं लिंग असतं, तेही त्याच्याबरोबर जातं. ती केव्हापासून तेच सांगतेय."

मग मी आणि त्याच्या बायकोनं मिळून त्याला तिसऱ्यांदा बसवला. मी खांदे धरले, तिनं लुगडं बांधलं. मान नीट राहीना, तर तिनं कपाळावरून दुसरी पट्टी बांधली. तिला काय करायचं ते सगळं माहीत होतं. जागा मात्र नव्हती.

स्मशानाचं सगळं गावातला एक म्हातारा बघायचा, मी सोलापूरवालीला घेऊन त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "हितं पुरत नाय. तुमचं तुम्ही दुसरीकडं बघा."

"दुसरीकडं म्हणजे कुठं? माझ्या चुलीपाशी?"

"तू कोण गं बाय त्याची?"

"शेजारीण."

"जातीची?"

"जातीची असते तर सकाळपासून चुकले नसते. लहान पोरं कुठं पुरता तुम्ही?"

त्यानं नदीकडच्या कोपऱ्यात करंजाच्या झाडाकडे बोट दाखवलं. "ती पोरांची जागा हाय."

"मग पुरत नाही कशाला म्हणता? खड्डा मोठा खणू, एवढाच फरक."

"आज एक आणलास, उद्या धा आणशील."

"आणीन. माणसं मरायची थांबणार आहेत का?"

तो हसला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. नगरपालिकेची चिठ्ठी आण म्हणाला.

नगरपालिकेत कारकून बसला होता. त्यानं फॉर्म पुढं केला. "दहन असंच छापलंय. दफनाचं मला लिहिता येणार नाही. साहेब येतील तेव्हा विचारा."

"साहेब कधी येतील?"

"सांगता येत नाही. उद्यासुद्धा येतील."

दुपार झाली होती, ऊन तापलेलं. उद्यापर्यंत त्या माणसाचं काय होणार हे त्याला काय सांगायचं? मी म्हटलं, "मग आम्ही त्याला इथंच आणतो. साहेब येईपर्यंत बाकावर बसेल. बसवलेलाच आहे तो."

"काहीतरी काय बोलता बाई!"

"खोटं वाटतं तर चला, बघून या."

सोलापूरवाली मागून म्हणाली, "चार माणसं खुर्ची बांधतच आहेत भाऊ, त्यांना इकडं यायला सांगू का?"

त्यानं पेन काढलं. दहन खोडून वर दफन लिहिलं, शिक्का मारला आणि आमच्याकडे न बघता कागद दिला.

तिरडीच्या बांबूंची खरंच खुर्ची झाली. सोलापूरवाली सांगत गेली आणि आमच्या चाळीतले कोकणातले, घाटावरचे, एक उत्तर प्रदेशचा दूधवाला, असे सगळे बांधत गेले. खड्डा खणायला तो म्हातारा स्वतः कुदळ घेऊन आला. त्यांचा जंगम, म्हणजे पुजारी, मिळाला नाही. त्याच्या बायकोनंच मुलीला जवळ घेतलं, डबीतलं काढून नवऱ्याच्या हातात ठेवलं, भस्म लावलं आणि खड्ड्यात मीठ टाकायला सांगितलं. मीठ मी घरून नेलं होतं. दिवस मावळायच्या आत तो बसून गेला.

त्या कोपऱ्यासाठी पुढे आम्ही अर्ज केला. पुरणारी माणसं बरीच निघाली, वडार, कानडी, आणखी कोण कोण. आपापल्या गावी न्यायचं किंवा चोरून कुठंतरी पुरायचं, असं त्यांचं चाललेलं. मी सह्या गोळा केल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले. तीन वर्षं फेऱ्या मारल्यावर कोपऱ्याला तारेचं कुंपण लागलं आणि फॉर्मवर दुसरा शब्द छापून आला. मी अजूनही मयताला जाते. पण आता घरात शिरले की आधी विचारते, तुमच्यात काय करतात?

गवंड्याची बायको गावी परतली नाही. विटा वाहिल्या, मुलीला मराठी शाळेत घातलं आणि मुलीबरोबर स्वतःही मराठी शिकली. एकदा आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो, तेव्हा मध्येच म्हणाली, "अक्का, तू दोनदा आडवं केलंस त्याला."

"केलं."

"मला वाटलं, तू जाळणार."

"जाळलंच असतं. तू धक्का दिला नसतास तर."

ती सुपातला खडा शोधून बाहेर टाकत म्हणाली, "मग बरा जोरात दिला."