लाल फितीच्या तीन ओळी

माझ्या बागेत केळीचं पान मान टाकून लोंबतंय असं कुणी पाहिलेलं नाही, हे मी चाळीस वर्षं चारचौघांत सांगत आलो. चोपड्याकडच्या आमच्या तापीकाठच्या गावात त्यावर मला कुणी आडवं बोललं नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांनी सगळ्यांसमोर ओणवं केलं, तर दप्तर तिथेच टाकून घरी आलो. वडिलांनी मारलं, आईने समजावलं, पण मी काही परत गेलो नाही. एकदा नाही म्हटलं की नाही. या स्वभावाचा मला तोरा होता, आणि आज जे लिहितोय ते त्या तोऱ्यापायीच लिहावं लागतंय.

मुलगा धुळ्याला नोकरीला आहे. त्याच्या मुलीने तीन वर्षांपूर्वी दहावीची परीक्षा दिली, आणि त्याच उन्हाळ्यात जळगावच्या एका संस्थेने तिला निवडलं. शाळेतल्या मुलांना सुट्टीत संशोधन करायला लावायचं, असं त्यांचं काम होतं. ही काही शिकवणी नव्हती. प्रत्येकाने आपला एक प्रश्न घ्यायचा, दीड महिना मोजमाप करायचं आणि शेवटी मोठ्या माणसांसमोर उभं राहून उत्तर सांगायचं. ज्यांचं काम चोख, त्यांना पुढच्या दोन सुट्ट्यांत प्रयोगशाळेत बोलावणार होते. नातीला तेच हवं होतं. दुसरं काही बोलतच नव्हती.

तिने फोन केला. “आबा, तुमची बाग देता का दीड महिना?”

“बाग घेऊन काय करशील, लोणचं घालशील?”

“प्रयोग करीन. नऊ ओळी पुरेत.”

नऊ काय, नव्वद घे म्हणालो. खरं सांगायचं तर छाती फुगली होती. इतक्या ठिकाणच्या बागा सोडून पोर माझ्याकडे आली, हे मी त्याच संध्याकाळी पारावर सांगून टाकलं.

तिचा प्रश्न साधा होता. उन्हाळ्यात केळीला निम्मंच पाणी दिलं, पण बुडाशी वाळल्या पानांचा थर घातला, तर झाड तग धरतं का? तीन ओळींना पिवळी फीत: पूर्ण पाणी, ठिबक रोज चार तास. तीन ओळींना हिरवी: दोन तास पाणी आणि बुडाशी पानांचा थर. आणि तीन ओळींना लाल: दोन तास पाणी, जमीन उघडी. या लाल ओळी सुकल्या तरच हिरव्या ओळींचा थर कामाला आला हे कळणार होतं. हे तिने मला झाडाखाली बसवून समजावलं आणि मला ते पूर्ण समजलं होतं. म्हाताऱ्याला कळलं नाही, असं म्हणून मला सुटता येणार नाही.

कुठल्या ओळीला कुठला रंग, हे तिने चिठ्ठ्या टाकून ठरवलं. लाल रंगाची एक ओळ नेमकी गाडरस्त्याच्या कडेला आली.

“ही आत घे,” मी म्हणालो. “रस्त्यावर नको.”

“आपल्या मनाने नाही बदलता येत, आबा. चिठ्ठीत आलं ते आलं.”

“वावर कोणाचं आहे?”

“तुमचं. प्रयोग माझा.”

हसून म्हणाली, पण मागे हटली नाही. आमच्याच घरातलं पाणी ते.

रोज पहाटे ती वावरात जायची. झाडाच्या बुंध्याचा घेर टेपने मोजायची, नवीन निघालेली पानं मोजायची. आठवड्यातून दोनदा गिरमिटाने माती काढून पत्र्याच्या डब्यांत भरायची आणि बसने जळगावला न्यायची. तिथे माती तोलून, भट्टीत वाळवून, पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटलं तेवढी ओल. सगळं एका हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत पेनाने लिहायची. खोडायचं नाही असा नियम होता. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी खरं लिहायचं. मी गमतीने म्हणायचो, एवढी काळजी आमच्या तलाठ्याने घेतली असती तर गावची भांडणं मिटली असती.

दहा-बारा दिवसांत लाल ओळी दिसायला लागल्या. दुपारी पानं मिटून घेत होती, खालची पिवळी पडत होती. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल. सकाळी नऊनंतर वाऱ्याचीसुद्धा झळ लागते.

एका सकाळी शेजारचा वावरवाला बैलगाडी थांबवून म्हणाला, “भाऊ, तुमनं ठिबक बंद पडनं का? वरली ओळ तं पार मान टाकी राह्यनी.”

“नातीचा प्रयोग आहे.”

“आसं का? मंग नात आजाले शेती शिकाडी राह्यनी म्हना!”

गाडीत मागे बसलेले मजूर हसले. तोही हसला आणि बैल हाकून निघून गेला. एवढंच झालं होतं.

त्या दुपारी नात डब्या घेऊन जळगावला गेली होती. मोटर तर बाकीच्या बागेसाठी चालूच होती. मी जाऊन लाल ओळीचा कॉक फिरवला. मनाला सांगितलं, मुकं झाड आहे, वैशाखात त्याला उपाशी कसं ठेवायचं? पुढे बरेच दिवस मी हेच सांगत राहिलो. पण ते खोटं होतं. झाडाची दया आली असती तर आतली ओळ आधी आठवली असती. मी आधी रस्त्याकडची सोडली.

मग डोक्यात आलं, एकच ओळ टवटवीत दिसली तर पोर ओळखेल. म्हणून उरलेल्या दोन लाल ओळींचेही कॉक फिरवले. दोन तासांनी तिन्ही बंद केले. उन्हाने वरची माती संध्याकाळपर्यंत कोरडी दिसायला लागली. आत किती ओल आहे हे कुणाला दिसणार? हे सगळं मी अगदी विचार करून केलं.

बायकोच्या लक्षात आलं होतं. धुणं वाळत घालता घालता एवढंच म्हणाली, “पोरनी मेहनत शे ती. हात लाऊ नका.”

मी म्हणालो, “तू तुझं काम कर.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर मोकळं रानच मिळालं. सगळ्या लेकीबाळी लिंबाला बांधलेल्या झोक्यावर, नातही त्यांच्यात. गाणी मला वावरापर्यंत ऐकू येत होती आणि मी लाल ओळींच्या कडेला बसून पाणी पडताना पाहत होतो.

त्यानंतर चार दिवसांनी ती जळगावहून आली ती तडक ओट्यावर. पायातली चप्पलही काढली नव्हती.

“आबा, लाल ओळींत तुम्ही पाणी सोडलं होतं का?”

“का?”

“ओल जास्त येतेय. जास्त म्हणजे पिवळ्या ओळींएवढी. तीनदा तोलून पाहिलं.”

तेव्हा हो म्हणायचं होतं. ती चिडली असती, रडली असती, फार तर त्या ओळी बाद करून दुसऱ्या धरल्या असत्या. चार आठवडे हातात होते. पण ओट्यावर पारावरचे दोघे जण चहा घेत बसले होते. त्यांच्यासमोर सोळा वर्षांची पोर मला जाब विचारत होती.

“माझ्यावर आळ घेतेस?” मी ओरडलो. “चौथी शिकलोय, चोर नाही. तुझ्या काट्यात काही बिघाड असेल तो बघ.”

ती दचकली. मग जवळ येऊन माझ्या पायाला हात लावला. “चुकलं आबा. मला नुसतं विचारायचं होतं.”

पुन्हा तिने कधी विचारलं नाही. आणि मी कॉक फिरवायचा थांबलो नाही. आता थांबलो तर ओळी एकदम सुकतील आणि मग कळेल, असं वाटायचं.

शेवटच्या दिवशी जळगावला घरच्यांना बोलावलं होतं. मुलाला रजा मिळाली नाही, म्हणून मी गेलो. परीटघडीची टोपी घातली. माझ्या शेजारी फैजपूरकडचे एक केळीवाले बसले होते, त्यांचा नातूही त्याच तुकडीत होता. माझी बाग कशी, माझा घड केवढा, हे मी त्यांना नातीचा नंबर येईपर्यंत सांगत होतो.

ती छान बोलली. पडद्यावर रंगीत रेघा होत्या. पिवळी आणि लाल रेघ जवळजवळ एकावर एक, हिरवी थोडीशी खाली. तिने जे मोजलं तेच सांगितलं: पानांच्या थराचा काही फायदा दिसला नाही, निम्मं पाणी उघड्या जमिनीतही पुरलं.

समोरचे एक वयस्क साहेब चष्मा काढून म्हणाले, “बेटा, या उन्हात, निम्म्या पाण्यावर, उघड्या मातीत एवढी ओल राहत नाही.”

“मलाही तसंच वाटलं होतं, सर. म्हणून मी पुन्हा पुन्हा तोललं.”

संस्थेतल्या तिच्या मॅडमनी विचारलं, “घरच्यांपैकी कुणी पाणी सोडलं असेल?”

“नाही मॅडम. आबांना मी विचारलं होतं. आबा खोटं बोलत नाहीत.”

मॅडमनी वही चाळली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मग खरं सांग. हे आकडे वावरात घेतले, की काही घरी बसून भरले?”

“वावरात घेतले.”

“बरं. बस.”

मी तिसऱ्या रांगेत होतो. उठून चार शब्द बोलायचे होते, माईकसुद्धा लागला नसता. गुडघ्यांवर हात ठेवले होते, ते आठवतंय. शेजारच्या केळीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. त्यांच्यासमोर मी महिनाभर चोरून पाणी सोडलं म्हणायचं? मी टोपी नीट केली आणि बसून राहिलो.

पुढे बोलावलेल्यांत तिचं नाव नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. बसस्थानकावर घेतलेली केळीच्या वेफरची पुडी तिने फोडलीसुद्धा नाही. तापीचा पूल आला तेव्हा म्हणाली, “आबा, तोलतानाच माझं चुकत असेल. डब्या नीट वाळल्या नसतील.”

मी म्हणालो, “असेल.”

या एका शब्दाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. हॉलमध्ये चारचौघं होती. बसमध्ये आम्ही दोघंच होतो.

दहावीला चांगले मार्क पडूनही तिने अकरावीला कॉमर्स घेतलं. मुलाचा फोन आला, “आबा, तुम्ही समजवा तिला. म्हणते, मोजमापाचं काम आपल्याला जमत नाही. हात बरोबर नाही म्हणते.” मी म्हणालो, तिचं तिला ठरवू दे. एवढा शहाणपणा मला नेमका तेव्हाच सुचला.

त्यानंतर प्रत्येक आखाजीला ती आली, झोक्यावर बसली, आजीच्या हातची खापरावरची पुरणपोळी आणि रस जेवली. वावरात मात्र एकदाही गेली नाही. सांगायचं म्हणून मी दोन वर्षं ओट्यावर तिच्याजवळ जाऊन बसायचो आणि हवापाण्याचं काहीतरी बोलून उठायचो.

यंदा सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. जेवणं झाली होती, ती सुपारी कातरून मला देत होती. मी म्हणालो, “लाल ओळींत पाणी मी सोडलं होतं.”

अडकित्ता ताटलीत ठेवून ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती ट्रंकेतली हिरवी वही घेऊन बाहेर आली. त्या उन्हाळ्यापासून ती आमच्याकडेच पडून होती.

“किती दिवस?”

“बरेच.”

“रोज?”

“रोज नाही.”

“किती तास? तिन्ही ओळींना सारखंच?”

“दोनेक तास. कधी कमी. लिहून ठेवलं नाही गं.”

तिने पानं उलटली. एका पानावर बोट ठेवलं. मग वर न बघता म्हणाली, “त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही सगळं ऐकत होतात.”

“हो.”

“बसमध्ये पण.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. बायको ऐकत असावी.

“लिहून द्या,” नात म्हणाली. “कधी सोडलं, किती वेळ. नक्की आठवतं तेवढंच लिहा. अंदाजाने काही भरू नका.”

“मॅडमना दाखवायचं का? मी येतो बरोबर. त्यांच्यासमोर सांगतो.”

“आता मॅडमचं काय, आबा? मी बी.कॉम.ला आहे. वहीत लावायला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी वही माझ्याकडे ठेवून ती धुळ्याला गेली. मी दुकानातून रेघांचे कागद आणले आणि लिहायला बसलो. तासांचं लिहायला बसलो आणि एवढं सगळं लिहून झालं. आता तासांचं लिहितो.

शेजारचा वावरवाला गाडी थांबवून बोलला त्याआधी, पाणी नाही. तो बोलला त्या दिवशी, तिन्ही ओळी, दोन तास. आखाजीला, तिन्ही ओळी, झोक्यावरची गाणी संपेपर्यंत. पोरी जेवायला गेल्या तेव्हा बंद केलं, म्हणजे तीन तास धरायला हरकत नाही. इथे मी एक रेघ मारली आहे. ‘धरायला हरकत नाही’ हा अंदाज झाला. शेजारी लिहिलं: दोन तासांपेक्षा जास्त, नक्की माहीत नाही. मुक्ताईनगरला लग्नाला गेलो होतो ते दोन दिवस, पाणी नाही. तिने ओट्यावर विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिन्ही ओळी, दोन तास. हे नक्की, कारण तिने पायाला लावलेला हात कॉक फिरवताना आठवत होता. जळगावला निघायच्या आदल्या दिवशी, फक्त रस्त्याकडची ओळ, एक तास.

एवढंच नक्की आठवतं. वहीत दिवस चव्वेचाळीस आहेत. बाकीच्या दिवसांच्या नुसत्या तारखा टाकल्या आहेत, आणि तिने सांगितल्याप्रमाणे पुढची जागा कोरी सोडली आहे.