न फवारलेले आंबे
हापूसचा देठ मोडल्यावर चिकाचा जो उग्र वास सुटतो, तो आला की मला भाट्याजवळची आमची छोटी प्रयोगशाळा आठवते. आंब्यात कीटकनाशक उरलंय का, हे आम्ही तिथे उजेडावरून ओळखायचो. फळाचा अर्क घातल्यावरही नळीतलं एन्झाइम नीट चाललं तर काळोख्या खोलीत निळा उजेड पडे, विष असेल तर तो विझे. एका बागायतदार काकींच्या आंब्यांनी तो पार विझवला आणि त्यांच्या पेट्या अडकल्या. “बाय गो, यंदा कलमांवर औषध मारलंच नाय मी, मग उजेड गेला कसा?” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. “सगळे असंच सांगतात,” प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. मला मात्र राहवेना. आवारातल्या, कधीच न फवारलेल्या झाडाचा आंबा मी तपासला, तर तिथेही अंधार! बोटं चिकट लागली तेव्हा डोक्यात आलं, हा चीकच उजेड मारत असणार. मग काकींचे आंबे उपडे ठेवून चीक गळू दिला, देठाकडचा भाग कापून टाकला आणि नवा अर्क काढला. मुद्दाम फवारलेला एक आंबाही तसाच तयार केला. भर दुपारी दार लावून आम्ही तिघं नळ्यांपुढे उभे राहिलो. फवारलेल्याची नळी काळीच राहिली, काकींची मात्र निळीशार उजळली. “पेटला गो, पेटला!” काकींनी मला घट्ट मिठी मारली. “पेट्या सोडा,” साहेब म्हणाले, “आणि ही पद्धत लिहून काढ.” आज नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी तीच पद्धत शिकवते, आणि नळी उजळली की त्यांच्याआधी मीच ओरडते.