प्रागचा रिकामा चौक

धामणकर नाक्यावरच्या त्या न्हाव्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गावातली दंगल पाहिलेला माणूस; दाढी करताना तो सारखा बाहेर डोकावायचा. आरशाशेजारी प्रागमधल्या जुन्या चौकाचं चित्र होतं, पहाटेचं, निर्मनुष्य. एकदा मी सांगितलं, "या चौकात माणसांची मुंडकी उडवली होती. तिथे फरशीत पांढरे क्रूस बसवलेत."

माझ्या गळ्यावरचा वस्तरा थांबला.

"तरीच. एवढा चौक अन् माणूस न्हाय. चौक उगाच रिकामा होत न्हाय, साहेब."

तेवढ्यात मागच्या गल्लीतले कापड विणणारे लूम बंद पडले. मग नाक्यावरचे हॉर्नही थांबले. त्याने शटर अर्धं खाली ओढलं. माझ्या गालावर फेस वाळत होता.

"लाईट गेली असेल," मी म्हणालो.

"लूम लाईटवर चालतात," तो हळूच म्हणाला. "हॉर्न न्हाय."