आधी मी हात लावायचा

माझ्या डाव्या कोपराजवळ एक फिकट चट्टा होता. चिमटा काढला तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी कुष्ठरोग सांगितला, गोळ्या दिल्या आणि मुलीला घरीच राहू द्या असंही सांगितलं. पण ताईचं लग्न जुळत होतं. आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांना आईने मी नागपूरला मामाकडे गेल्याचं सांगितलं आणि बाबांनी मला कुंडमच्या बाजूला, जंगलातल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत आणून सोडलं. मी दहा वर्षांची होते.

सुरुवातीला रडले. मग कामाला लागले, कारण तिथे रिकामं कुणी बसत नसे.

बऱ्याच जणांच्या हातांना गरम-थंड कळत नव्हतं. चहाच्या ग्लासाने बोटं भाजायची आणि फोड आल्यावरच समजायचं. माझे तळहात शाबूत होते. म्हणून स्वयंपाक करणाऱ्या मावशीने मला चुलीजवळ बसवलं. प्रत्येक ग्लासाला आधी मी हात लावायचा. मी 'हो' म्हटल्याशिवाय कुणी उचलायचा नाही. मावशी मला दारोगा म्हणायची. घरी माझं ताट वेगळं ठेवलं होतं. इथे माझ्या हाताशिवाय कुणाचा चहा होत नव्हता.

गोळ्यांचा कोर्स संपला तेव्हा बाबा आले. लग्न दोन महिन्यांवर होतं, तोवर मी इथेच राहावं असं घरात ठरलं होतं. तेवढंच सांगायला ते आले होते. मावशीने चहा दिला. त्यांनी ग्लास बाकावर ठेवला आणि हात मांडीवर. त्यांना प्यायचाच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, माझीच वाट पाहून राहिले.

मी ग्लास दोन्ही हातांत धरला, जरा थांबले आणि त्यांच्यापुढे केला.

"हो. आता प्या."

बाबा ग्लासाकडे बघत राहिले.

"पी लो भैया," मावशी म्हणाली, "दारोगाजी ने पास कर दिया."

त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. संपल्यावर नळाशी जाऊन ग्लास स्वतः विसळला.

"लग्नात एवढे पाहुणे येतील," ते म्हणाले, "त्यांचा चहा कोण बघेल? जा, कपडे भर."

ताईच्या लग्नानंतर बाबा आणि मी पुन्हा तिथे गेलो, सदर बाजारातून लाकडी मुठीचे कप घेऊन. मावशीला ते आवडले. चहा ओतला आणि मला म्हणाली, आधी हात लाव.