नुसत्या आंघोळीचं सुतक

रविवारी दुपारी जेवून सोफ्यावर आडवं व्हावं, फोन छातीवर पडावा आणि झोप लागलीय की नाही हे आपलं आपल्यालाच कळू नये, अशी ती वेळ. आत दारियो भांडी घासतोय. मग नळ बंद होतो, पाण्याचा आवाज मात्र येतच राहतो आणि समोरच्या खुर्चीत नाना बसलेले दिसतात.

नाना म्हणजे माझे वडील. मार्चमध्ये गेले. मला कळलं मे महिन्यात, तेही मावशीशी फोनवर बोलताना. "अरे, तुला माहीत नाही?" असं तिनंच उलट मला विचारलं.

नानांच्या अंगात टोरांटोच्या मराठी मंडळाचा बिल्ला लावलेला कोट. ओठ फुटलेले, अंग पिठात लोळल्यासारखं कोरडं.

"आंघोळ राहिलीय," ते म्हणतात. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"कोणाची?"

"माझ्या नावाची. सगळ्यांनी केली. तू नाही केलीस."

खरं आहे. मावशीचा फोन आला त्या दिवशी मी मुद्दाम आंघोळ केली नाही. दुसऱ्या दिवशी तसाच पारोसा ऑफिसला गेलो.

तुम्हाला मागचं सांगायला हवं. असाच एक रविवार होता. आई आमटी वाढणार इतक्यात मी सांगून टाकलं, की मला पुरुष आवडतात आणि मी दारियोबरोबर राहणार आहे. नाना उठून न्हाणीघरात गेले. घरात शॉवर होता, टब होता, पण त्यांनी गावाकडून आणलेला तांब्या टबात बादलीशेजारी कायम असायचा. शर्ट-पँटसकट डोक्यावरून पाणी घेतलं आणि निथळत, गालिचा भिजवत टेबलाशी येऊन बसले.

"याच्या नावानं आंघोळ केली," आईला म्हणाले. "वाढ आता."

लोक हे नुसतं तोंडानं म्हणतात. नानांनी करून दाखवलं. आईनं माझं ताट उचललं आणि दोघांचं वाढलं. त्याच आठवड्यात दारियोच्या इटालियन आजीनं भर जेवणात बशी आपटून फोडली, ऊर बडवून रडली आणि नंतर डोळे पुसत मला विचारलं, इतका वाळलेला का रे तू? आमच्याकडे तेवढा आरडाओरडाही झाला नाही.

"चला," मी नानांना म्हणतो आणि बैठकीचं दार उघडतो. बाहेर ती शाळेची व्यायामशाळा आहे, मंडळाचा गणपती बसायचा ती. बास्केटबॉलच्या जाळीखाली घडीच्या खुर्च्यांवर सगळं मंडळ बसलंय. पैठण्या, झब्बे, सगळं ओलंचिंब. तिसऱ्या रांगेत आई, मांडीवरच्या रिकाम्या ताटात बघतेय. मधोमध वाफाळती बादली.

"मी मुलगा होतो ना तुमचा? मुलाचं सुतक दहा दिवस पाळतात. तुम्ही नुसत्या आंघोळीवर भागवलंत. कुठल्या लांबच्या काकाला करतात तेवढंच."

"दहा दिवस रजा कोण देणार? शिवाय मंडळाची निवडणूक होती."

पहिल्या रांगेत कोणीतरी हसतं.

"मला वाटलं होतं, मेल्यावर माणूस जरा नरमतो."

"जाळलं मला. शाळेत नव्हतं घातलं." ते कोट काढून खाली टाकतात. "तांब्याभर ओत आणि सोड मला."

"एकदा नावानं हाक मारा. लगेच ओततो."

"मेलेल्याला हाक मारत नाहीत. मागे लागतं."

"मेलेले तुम्ही आहात, नाना."

"आधी तू."

त्या हाकेची मला किती हाव आहे, सांगायची लाज वाटते. नाव त्यांनीच निवडलेलं. शाळेत कोणाला धड म्हणता यायचं नाही, मी रडत घरी यायचो, तेव्हा तेच म्हणायचे, "बाहेर काय वाट्टेल ते म्हणू देत. घरी आम्ही आहोत ना नीट हाक मारायला."

आता खुर्च्या नाहीत. आमचं जुनं न्हाणीघर, टबात स्टुलावर उघडे नाना, मान खाली घालून. माझ्या हातात भरलेला तांब्या.

"घ्या नाव."

त्यांचे फुटलेले ओठ गोल होतात. पहिलं अक्षर तिथंच, अगदी ओठांवर आहे. मी तांब्या उचलून धरतो. मग ते तोंड मिटतात आणि माझ्याकडे पाठ करतात.

"राहीन असाच. कोरडा."

मी तांब्या ओततो. त्यांच्यावर नाही, त्यांच्या पायांपासून वीतभर लांब. ते वाकून जीभ बाहेर काढतात, पण पोचत नाही. मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? मी पुन्हा तांब्या भरतो, पुन्हा तिथंच ओततो.

डोक्यावर गार पाणी पडतंय. मी आमच्याच शॉवरखाली उभा आहे, शर्ट-पँटसकट. दारियो हात घालून नळ बंद करतो आणि टॉवेल माझ्या खांद्यावर टाकतो. बाहीतून पाणी गळतंय, टबाबाहेर पायपुसणं भिजून गेलंय.

"झोपेत चालत आलास," तो म्हणतो. "आणि ओरडत होतास. एकच शब्द, परत परत."

"कुठला?"

दारियोला मराठी येत नाही. पण हा शब्द त्यानं आरशासमोर उभं राहून घोकलाय.

"उन्मेष," तो जपून म्हणतो.

मी टॉवेल घट्ट धरतो.

"आवाज कोणाचा होता?"

"तुझाच. दुसरं कोण आहे इथे?"