वॉर्मरचा खोटा ताप

नवजात बाळांना ऊब देणारे वॉर्मर बनवणाऱ्या मानपाड्याच्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. त्या यंत्रांच्या आतला कोड माझ्याकडे असतो. एकदा कल्याणच्या एका हॉस्पिटलातून तक्रार आली. वॉर्मर मधेच किंचाळतो, भलतंच तापमान दाखवतो, हीटर बंद करतो, आणि पुढच्याच क्षणी सगळं ठीक. बाळाला काही होत नसे, पण आईच्या तोंडचं पाणी पळायचं.

आमचा हार्डवेअरवाला म्हणाला, "सेन्सर लूज असणार." तो सेन्सर बदलून आला. तक्रार तशीच राहिली, म्हणून मग मी गेलेले.

वॉर्डात स्टूल घेऊन बसले. बराच वेळ छत्तीसच्या आसपास आकडा होता. अचानक अलार्म वाजला आणि पडद्यावर नऊशेच्या वरचा आकडा चमकून गेला. सिस्टर धावत आल्या. "बघितलंत ना मॅडम? आम्ही काय खोटं सांगतो?"

मी बघितलं होतं, आणि मला बरंच कळलं होतं. सैल सेन्सर काहीही दाखवेल, पण एवढा आकडा त्याच्या मापातच बसत नव्हता. तो आकडा प्रोसेसरमध्येच जन्माला आलेला. "हे वापरू नका, दुसरं घ्या," असं सिस्टरना सांगून त्याचा कंट्रोलर मी काढून आणला.

आमच्या कंपनीच्या सरांना घाई होती. "तापमानाचा दशांशातला हिशोबच काढून टाक. सगळं पूर्णांकात कर. संध्याकाळपर्यंत होईल."

"होईल सर, पण चूक तिथेच राहील. आज तापमानावर बसली, उद्या दुसऱ्या कशावर बसेल. मला शुक्रवारपर्यंत द्या."

"नाही सापडली तर?"

"सापडेल."

उगाच बोलले नव्हते. बेरीज-गुणाकार बहुतेक वेळा बरोबर येत होते, क्वचितच चुकत होते. म्हणजे हिशोब चालू असताना मधे कोणीतरी हात घालत होतं.

आम्ही वापरतो ती ऑपरेटिंग सिस्टिम छोटी आहे आणि तिचा कोड सगळ्यांना खुला आहे. ती एकाच प्रोसेसरवर आळीपाळीने बरीच कामं चालवते. एक काम थांबवताना त्याचे अर्धवट आकडे नीट जपून ठेवायचे आणि परत आल्यावर जसेच्या तसे द्यायचे, हे तिचं मूळ कर्तव्य. मी दोन कामं लिहिली. दोन्ही दशांशाची तीच ती गणितं करत राहणारी, उत्तर आधीच माहीत असलेली. त्यांची अदलाबदल मुद्दाम खूप वेगाने करायला लावली. चहा संपायच्या आत एक उत्तर चुकलं.

मग अदलाबदलीचा कोड ओळ न् ओळ वाचला. तो जुन्या चिपसाठी लिहिलेला होता. तिच्यात दशांशासाठी वेगळी जागाच नव्हती. नव्या चिपमध्ये ती आहे, पण कोड फक्त साधे आकडे जपत होता. दशांशाचे आकडे उघड्यावर पडायचे आणि दुसरं काम त्यांच्यावर आपले आकडे लिहून जायचं.

जपून ठेवायच्या ओळी मी घातल्या. चूक थांबली. हार्डवेअरवाल्याने वेग मोजायला ऑसिलोस्कोप लावला. "अगं, बरोबर चाललंय, पण कामांची अदलाबदल हळू झालीय."

"अरे, थांब जरा."

ज्या कामाने दशांशाला हातच लावला नाही, त्याच्यासाठी ती उठाठेव कशाला? कुठल्या कामाने लावला, याची खूण ती चिप स्वतःच ठेवते. ती बघूनच जपायचं, असं केलं. त्याने परत मोजलं आणि मान डोलावली. "आता जवळजवळ पहिल्यासारखीच."

शुक्रवारी सरांनी चाचणी स्वतः चालवून बघितली. "विकले गेलेले सगळे वॉर्मर अपडेट करायचे," एवढंच म्हणाले.

दुरुस्ती मी सिस्टिम सांभाळणाऱ्यांनाही पाठवली. त्यांच्यापैकी परदेशातल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं: इतके लोक हे वापरतात, कोणाला कसं दिसलं नाही? मी वाद घातला नाही. चाचणी जोडली आणि लिहिलं, चालवून बघा. दुसऱ्या दिवशी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "माझं चुकलं, खरंच." दुरुस्ती सिस्टिममध्ये गेली. आता त्या भागात कोणी बदल सुचवला, की तो आधी माझ्याकडे तपासायला येतो. मीही त्या गृहस्थांसारखे खुशाल प्रश्न विचारते.